लॉगिन बंद केलं, पुढे काय?

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आयटी बघतो. एखाद्या पीसीवर व्हायरसचा अलर्ट आला की वरून पहिला फोन ठरलेला: "त्याचं लॉगिन बंद करून टाक." करतोच. पण त्यावर "चला, मिटलं" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

लॉगिन बंद होतं ते डोमेन सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं तपासणाऱ्या मधल्या सर्व्हरवर. टेबलावरच्या डब्याला त्याचा पत्ताही नसतो. सर्व्हर सापडला नाही तरी काम अडू नये म्हणून विंडोज मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या दहा जणांची लॉगिनं स्वतःजवळ जपून ठेवतं. म्हणजे इकडे अकाउंट डिसेबल केलं, तिकडे नेटवर्कची वायर काढली, तर तोच माणूस जुनाच पासवर्ड टाकून आरामात आत. फाइल सर्व्हरसाठी आधीच मिळालेलं कर्बेरॉस तिकीट, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारता आत सोडणारा पास, तेही दहा तासांपर्यंत चालू शकतं. आणि व्हायरस विंडोजच्याच 'सिस्टिम' अकाउंटच्या नावाने, मागे आपोआप चालणारी सर्व्हिस बनून बसला असेल तर त्याला कुणाच्या पासवर्डशी काय घेणंदेणं?

म्हणून मी आधी नेटवर्क स्विचवरचं त्या पीसीचं पोर्ट बंद करतो, वाय-फाय तोडतो, अकाउंटचं नंतर बघतो. मग माणसालाही पीसीपासून लांब करायचं, कारण माणूस स्वस्थ बसत नाही. नेट गेलं की मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. फाइली वाचवायला पेनड्राइव्ह खुपसतो आणि तोच शेजारच्या पीसीला लावतो. कुणी यूट्यूबवर बघून फुकटातला क्लीनर चालवतो आणि आम्हाला हवे असलेले पुरावेच झाडून टाकतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. अकाउंट्सच्या मॅडमना वीस तारखेला जीएसटीचा मासिक रिटर्न जीएसटीआर-३बी भरायचा असताना "मॅडम, माउसला हात लावू नका" म्हणून चालत नाही. आधी त्यांच्या हातात दुसरा लॅपटॉप, टॅली चालू करून, मग पीसी उचलायचा. कपाटात दोन जादा लॅपटॉप ठेवायचे पैसे मी भांडून मंजूर करून घेतले. महागड्या अँटीव्हायरसपेक्षा त्यांचा उपयोग जास्त झालाय, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याच लोकांसाठी एक नियम आहे: बाधित पीसीवर डोमेन अ‍ॅडमिनच्या, म्हणजे सगळ्या पीसींवर हक्क असलेल्या, अकाउंटने लॉगिन करायचं नाही. मेमरीतून पासवर्डची माहिती उपसणारी मिमिकॅट्झसारखी हत्यारं त्याचीच वाट बघत असतात.

पीसी बंद करायचा की चालू ठेवायचा, हा वाद मात्र कधी संपत नाही. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी एका फ्रेंच संशोधकाने विंडोज एक्सपीसाठी असं साधन काढलं की ते मेमरीत उरलेल्या आकड्यांवरून फाइली उघडायची किल्ली परत बनवायचं. अट अशी की पीसी रीस्टार्ट झालेला नसावा. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या व्हायरस आला, ज्याने जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचंही काम अडवलं. तो काही वेळाने पीसी रीस्टार्ट करून डिस्क तपासतोय असा खोटा स्क्रीन दाखवायचा आणि मागे डिस्क कुलूपबंद करायचा. तिथे तडक वीज तोडणाराच शहाणा. मी एरवी वीज चालू ठेवून नेट तोडतो. डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलायला लागली तर मात्र थेट प्लग खेचतो, पुरावे गेले तरी चालतील.

हे सगळं ऑफिसात जमतं. शॉप फ्लोअरवर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनला जोडलेला विंडोज ७ चा पीसी असतो, तिन्ही शिफ्टना मिळून 'ऑपरेटर' हे एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. ते लॉगिन बंद केलं तर लाइन थांबते. मशीनवाल्या कंपनीचं म्हणणं, विंडोज बदललंत तर वॉरंटी विसरा. तो पीसी आता वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे बाकी नेटवर्कपासून तोडलेल्या कप्प्यात टाकलाय. संशय आला की फक्त पोर्ट बंद होतं, मशीन चालू राहतं आणि नवा प्रोग्राम एकाच पेनड्राइव्हवरून जातो. तो पेनड्राइव्ह शिफ्ट इन्चार्जच्या कुलपात असतो, आणि प्रत्येक वेळी आधी आमच्या टेबलावर स्कॅन होतो. रात्रपाळीवाले यावरून माझ्यावर वैतागलेत, आणि स्कॅनला मध्यरात्री कोण थांबणार हे अजून ठरायचंय.