तुम्ही विचारलंत म्हणून : पिक्चर बेकार की शीडी बेकार?

"भाऊ, अमका म्हणते पिक्चर एक नंबर, तमका म्हणते पैसे पाण्यात गेले. डीव्हीडी तर एकच हाये. मंग आयकाव कोनाचं?"

आठवडी बाजारात जुन्या डीव्हीडींच्या ढिगापुढे उकिडवा बसलेला प्रत्येक गिऱ्हाईक हे विचारतो. घरी मालिकेचा अख्खा संच पडून असलेलेही विचारतात. मत सांगणाऱ्याला उलट एकच प्रश्न करा, "कशावर पाहिला?" टाकीजमधून बाहेर पडणारा माणूस पिक्चरबद्दल बोलतो. डीव्हीडी पाहिलेला माणूस पिक्चर, तबकडी आणि घरचं यंत्र या तिन्हींबद्दल एकाच दमात बोलतो आणि तिन्हींचा राग एका 'बेकार'मध्ये काढतो. तीन धागे वेगळे केले की निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आधी घेऊ. पडद्यावर उभ्या रेघा आणि पांढरे ठिपके नाचत असतील, तर तो मूळ रिळाचा दोष. प्रिंट घासलेली होती, तशीच ती डीव्हीडीवर उतरली. तबकडी कितीही पुसली तरी ते जाणार नाही. चित्राचे चौकोनी तुकडे पडून ते गोठत असेल, तर तबकडी किंवा प्लेयरची काच मळली आहे. चित्र वर-वर सरकतंय किंवा रंगीत पिक्चर काळापांढरा दिसतोय, तर भानगड पद्धतीची. टीव्हीवर चित्र दाखवायच्या पाल आणि एनटीएससी अशा दोन पद्धती. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल पद्धतीचे, आणि कित्येक हिंदी डीव्हीडी निघाल्या एनटीएससीत. जुना डब्बा टीव्ही असेल तर प्लेयरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' पालवर ठेवा, प्लेयर स्वतःच बदलून देतो. नवा सपाट टीव्ही असेल तर 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवा.

माणसं बुटकी-जाडी दिसत असतील तर ४:३ चं (रुंदी ४, उंची ३) चित्र १६:९ च्या रुंद टीव्हीवर ताणलं गेलंय. उंच-सुकडी दिसत असतील तर नेमकं उलट झालंय, तेव्हा डब्बा टीव्हीसाठी प्लेयरमध्ये '४:३ लेटरबॉक्स' निवडा. 'पॅन-स्कॅन' मात्र निवडू नका. त्यात वरखालच्या काळ्या पट्ट्या जातात, पण चित्राच्या बाजूही कापल्या जातात. दोघं बोलत असतात आणि दिसतो एकच. मग पाहणारा म्हणतो, "कॅमेरावाल्याले अक्कल नोती." बिचाऱ्या कॅमेरावाल्यानं दोघांनाही नीट घेतलेलं असतं.

सगळ्यात जास्त तक्रार आवाजाची. "डायलॉग आयकूच येत नाही, अन् गाणं लागलं का घर हालते." पाच-एक (५.१) पद्धतीच्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक धमधम्याच्या आवाजात बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरवर असतं. घरी तर लाल-पांढऱ्या पिनांची जोडी, म्हणजे दोनच वाटा. प्लेयरचं सेटिंग ५.१ वर राहिलं असेल तर मधला आवाज कुठंच जात नाही आणि संवाद गायब होतात. सेटअपमध्ये 'डाउनमिक्स' शोधून 'स्टीरिओ' करा. 'नाइट मोड' किंवा 'डीआरसी' असेल तर चालू करा. त्यानं मोठा आवाज दाबला जातो आणि लहान वर येतो. आवाज अजिबातच नसेल तर बहुधा डीटीएस या वेगळ्या पद्धतीच्या आवाजाचा ट्रॅक लागलेला असतो. जुन्या स्वस्त प्लेयरला तो उलगडता येत नाही. रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण एकदा दाबून दुसरा ट्रॅक लावा. एवढं करून पाहण्याआधी कुणी संवादलेखकाला नावं ठेवली, तर त्याचं मत बाजूला ठेवावं.

आता जरा बारीक गोष्ट. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, पाल डीव्हीडी २५ चित्रांनी. म्हणून पाल डीव्हीडीवर पिक्चर चार टक्के वेगात धावतो. दीडशे मिनिटांचा पिक्चर १४४ मिनिटांत संपतो आणि सूर अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी, पण चढतो. वेग बदलल्यावर सूर परत खाली आणला नसेल, तर भजनी मंडळातला पेटीवाला ते लगेच पकडतो. गाणं साथीला धरायला गेलं की सूर ना पांढरीवर बसत, ना काळीवर. दोघींच्या मधेच लोंबकळतो. "गाण्यात मजा नाही राह्यली" असं एखादा म्हातारा म्हणाला तर हसू नका. त्याचा कान बरोबर आहे, चूक वेगाची आहे. एनटीएससी डीव्हीडीत वेळ आणि सूर जाग्यावर राहतात, पण कॅमेरा आडवा फिरला की चित्र जरा हिसके देतं, आणि चित्र ज्यांनी बनतं त्या आडव्या ओळीही ५७६ ऐवजी ४८०.

पिक्चर कापला का, हा दुसरा वाद. त्यासाठी हिशेब आहे. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं तिथं थांबवा. रिळावरच्या पिक्चरची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते, तिला २७.४ ने भागा, मिनिटं येतात. ४११० मीटर असेल तर दीडशे मिनिटं. प्लेयरवर १४४ दिसली तर काही कापलेलं नाही, तो पालचा वेग. १२८ दिसली तर तीन-चार गाणी किंवा एखादा प्रसंग उडालाय. मग "कथेत मधेच झोल आहे" हे मत दिग्दर्शकाच्या नाही, डीव्हीडी काढणाऱ्याच्या खात्यात जमा करा.

'३ इन १'च्या, म्हणजे एकीत तीन पिक्चर भरलेल्या तबकड्यांबद्दल माझं मत कडक आहे. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी मावतं. दोन तासांचा पिक्चर टाकला तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट माहिती वाट्याला येते, चित्र छान दिसतं. अडीच तासांचे तीन पिक्चर कोंबले तर जेमतेम १.४ उरतात, म्हणजे जुन्या व्हीसीडीइतकेच. त्यात चित्राचा आकार व्हीसीडीच्या चौपट, त्यामुळे मारामारीत, पावसात, गर्दीत सगळा चुरा होतो. अंधारातले प्रसंग तर चिखल. दोन थरांच्या तबकडीत ८.५ जीबी असतं, तिथं जरा बरं. अशी तबकडी खालून किंचित सोनेरी दिसते. जांभळट दिसली तर ती घरी किंवा दुकानात भरलेली, छापील नव्हे. लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडी बहुतेक अशाच. त्यांचा रंगथर उन्हानं उडतो, म्हणून टिनाच्या खोलीतल्या खिडकीत ठेवू नका आणि वेळेत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

"शेवटलाच अटकते" ही तक्रार ऐकली की तबकडीची कड बघा. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. बोटं लागतात कडेला, आणि एका थराच्या भरलेल्या तबकडीत कडेला असतो क्लायमॅक्स. दोन थरांच्या तबकडीत प्लेयरचा लेसर किरण एका थरावर बाहेरपर्यंत जातो आणि दुसऱ्या थरावर आत परततो, म्हणून ती इंटरव्हलच्या आसपास अडकते. तिथं क्षणभर थांबणं हा दोष नाही, थर बदलतोय. मिनिटभर थांबली तर मात्र मळ आहे.

आपल्याकडे आणखी एक त्रास. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या गावांत, कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी पडतं. मे महिन्यात प्लेयर कूलरच्या झोतात ठेवला तर बारीक तुषार वाळून तबकडीवर पांढरे ठिपके धरतात. कापडानं कोरडं घासाल तर त्याच मिठानं चरे पडतील. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, जुन्या सुती धोतराच्या मऊ तुकड्यानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवू नका. मधून कडेकडे जाणारा आडवा चरा प्लेयर सुधारून घेतो, सहा मिलिमीटरपर्यंतचं नुकसान भरून काढायची सोय तबकडीतच आहे. चाकोरीच्या दिशेनं, म्हणजे गोलाईत, लांब चरा पडला तर सलग माहिती जाते आणि ती भरून निघत नाही. थिनर, पेट्रोल, रॉकेल नको. थिनरनं प्लास्टिक पांढुरकं होऊन तडकतं.

मालिकांचं गणित थोडं वेगळं. पहिल्या तबकडीवरून मत देणारे फार, आणि कोंबाकोंबी असते पुढच्या तबकड्यांत. दुकानात शेवटच्या तबकडीचा शेवटचा भाग लावून बघा. एका थराच्या एका तबकडीत बावीस मिनिटांचे पाच-सहा भाग असतील तर ठीक, दहा-बारा असतील तर चित्र पातळ होणारच. जुन्या दूरदर्शनी मालिका व्हिडिओवर घेतलेल्या, सेकंदाला ५० अर्धी, म्हणजे एकाआड एक ओळींची चित्रं. सपाट टीव्हीवर हालचालीत कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. त्याच तबकड्या डब्बा टीव्हीवर स्वच्छ दिसतात. जुना डब्बा अजून चालत असेल तर या मालिकांपुरता भंगारात घालू नका.

गावात एक तबकडी दहा घरी फिरते, तेव्हा तोंडी मत वाटेत बदलतं. कव्हरात एक चिठ्ठी टाकावी हे उत्तम. "आवाज स्टीरिओवर ठेवा. १ तास १२ मिनिटांवर अटकते, रिमोटवरचं 'गो टू' दाबून १:१४ टाका. दुसरं गाणं नाही. रात्रीचे सीन काळे दिसतात, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवा. आजोबांचं काम लय भारी, मधली वीस मिनिटं ढकलली तरी चालते. पाहून झाली की पुसूनच द्या."