नेट::सर्व्हरचं डेबियन पॅकेज: ऐच्छिक भागांचा भार कोणावर?

पर्लची नेट::सर्व्हर ही लायब्ररी स्वतः कुठलीच सेवा देत नाही. पोर्ट उघडणं, फोर्क करणं (प्रक्रियेची प्रत काढणं), रूटचे म्हणजे प्रशासक खात्याचे अधिकार सोडणं, सिग्नल सांभाळणं, लॉग लिहिणं ही कामं ती उरकते. आपण तिच्यावरून क्लास काढायचा आणि 'प्रोसेस_रिक्वेस्ट' ही मेथड लिहायची. मुनिन-नोड (सर्व्हरवर देखरेख), पोस्टग्रे आणि अमाविस (ईमेल गाळणं), स्टारमन (वेब सर्व्हर) ही मंडळी तिच्यावरच उभी आहेत. डेबियन या लिनक्स वितरणात तिचं पॅकेज 'लिबनेट-सर्व्हर-पर्ल' या नावानं मिळतं.

पॅकेजचा सांगाडा उभा करायला वेळ लागत नाही. 'डीएच-मेक-पर्ल' हे साधन सीपॅनवरून (पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन संग्रहातून) सोर्स आणून डेबियन फोल्डर तयार करतं. रूल्स फाइलमध्ये डेबहेल्पर या साधनसंचाच्या 'डीएच'ला हाक मारणारा एकच नियम पुरतो. मेकफाइल.पीएल (मॉड्यूलची बिल्ड स्क्रिप्ट) दिसली की डेबहेल्पर पुढचं ओळखतो आणि मॉड्यूल 'व्हेंडर' जागेत, म्हणजे /यूएसआर/शेअर/पर्ल५ मध्ये बसवतो. सगळं शुद्ध पर्ल असल्यामुळे आर्किटेक्चर 'ऑल', म्हणजे सगळ्या प्रोसेसरांना एकच पॅकेज. आवृत्तीकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. पर्लच्या हिशेबात २.०१ हा आकडा २.००९ पेक्षा मोठा, पण डीपीकेजी हा डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम बिंदूनंतरचे अंक स्वतंत्र संख्या म्हणून वाचतो: १ आणि ९. म्हणजे नवी आवृत्ती जुनी ठरते आणि अपग्रेड होतच नाही. नेट::सर्व्हर सध्या तीन अंक पाळतं; कधी दोन आले तर वॉच फाइलमध्ये (ती नव्या आवृत्त्या शोधते) 'यूव्हर्जनमँगल' हा आवृत्ती बदलणारा नियम लावून शून्य भरून घ्यावं.

खरं काम डिपेन्डन्सी, म्हणजे इतर कोणती पॅकेजं लागतात हे, ठरवण्यात आहे, आणि इथे यंत्र फारशी मदत करत नाही. 'डीएच_पर्ल' जो व्हेरिएबल भरतो त्यातून फक्त पर्ल इंटरप्रिटर येतो. कोणतं मॉड्यूल लागतं हे तो शोधत नाही. त्यातून नेट::सर्व्हर बरेच भाग चालता चालता, गरज पडेल तसे लोड करतं. प्रोटोकॉल 'एसएसएल' दिला तरच एसएसएलचा भाग जागा होतो. म्हणून मेकफाइलमधली यादी पाहून थांबू नका. लिब फोल्डरमध्ये 'यूज' आणि 'रिक्वायर' दोन्ही शब्द ग्रेप करून (शोधून) प्रत्येक ओळ वाचा.

एकाच प्रक्रियेत अनेक जोडण्या सांभाळणाऱ्या मल्टिप्लेक्स या प्रकाराला आयओ::मल्टिप्लेक्स हवं, टीएलएससाठी (एसएसएलच्या पुढच्या कूटबद्ध प्रोटोकॉलसाठी) आयओ::सॉकेट::एसएसएल हवं. ही दोन्ही लायब्ररीच्या 'डिपेंड्स'मध्ये (सक्तीच्या यादीत) टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मुनिन-नोड फोर्क प्रकार वापरतो. त्याच्या सर्व्हरवर मल्टिप्लेक्सचं ओझं कशाला? पोस्टग्रे मल्टिप्लेक्सवर चालतो, तर ते 'डिपेंड्स' पोस्टग्रेच्या पॅकेजनं लिहावं, आणि ते तसं लिहितंही. लायब्ररीनं 'सजेस्ट्स' (ऐच्छिक सूचना) म्हणावं आणि पुरे. आयपीव्ही६ची गोष्ट वेगळी आहे: आयओ::सॉकेट::आयपी पर्ल ५.२० पासून गाभ्यातच आहे, तेव्हा कोड तेच वापरत असेल तर वेगळं पॅकेज मागायचं कारण नाही.

पण रनटाइमला जे ऐच्छिक, ते बिल्डच्या वेळी सक्तीचं करा. टेस्टमध्ये आयओ::सॉकेट::एसएसएल सापडलं नाही तर ती टेस्ट 'स्किप' म्हणते आणि शेवटी सगळं पास दिसतं. टीएलएसची एक ओळही तपासली गेलेली नसते. म्हणून ही मॉड्यूलं 'बिल्ड-डिपेंड्स-इंडेप'मध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) 'नोचेक' या टेस्ट वगळणाऱ्या प्रोफाइलच्या खुणेसह घाला, आणि बिल्ड लॉगमध्ये 'स्किप' शब्द शोधल्याशिवाय अपलोड करू नका.

टेस्ट खरोखरचा सर्व्हर लोकलहोस्टवर उभा करतात, त्यामुळे त्या बिघडतात त्या बहुतेक वातावरणामुळे. एसबिल्ड या बिल्ड साधनाच्या चरूटमध्ये (वेगळ्या, बंदिस्त फाइलव्यवस्थेत) बाहेरचं नेटवर्क नसलं तरी चालतं; लूपबॅक (मशीनची स्वतःशीच जोडणी) आणि होस्ट्स फाइलमधली लोकलहोस्टची ओळ हवीच. त्या ओळीत आयपीव्ही६चा पत्ता आहे पण कर्नलमध्ये आयपीव्ही६ बंद आहे, अशा मशीनवर पोर्ट बांधताना टेस्ट पडते. दुसरी अडचण पोर्टची. आधी मोकळं पोर्ट शोधायचं, मग सर्व्हर त्यावर बसवायचा, आणि मधल्या क्षणात दुसऱ्या टेस्टनं तेच पोर्ट पटकावलं तर गोंधळ. म्हणून या संचाला समांतर चालवण्याचा मोह टाळा. एखादी टेस्ट कधी पडते, कधी पास होते म्हणून सगळा संच बंद करणं मात्र चूक आहे. तेवढीच टेस्ट कारण लिहून पॅचनं वगळा.

ऑटोपीकेजीटेस्टसाठी, म्हणजे बसवलेल्या पॅकेजच्या आपोआप चाचणीसाठी, कंट्रोल फाइलमध्ये 'ऑटोपीकेजीटेस्ट-पीकेजी-पर्ल' एवढं लिहिलं की बरंच काम होतं. त्यातला सिंटॅक्सचा टप्पा प्रत्येक मॉड्यूल कंपाइल करून पाहतो. आयओ::मल्टिप्लेक्स फक्त 'सजेस्ट्स'मध्ये असल्यानं मल्टिप्लेक्सची फाइल तिथे कंपाइल होणार नाही; तिचं नाव 'सिंटॅक्स-स्किप' फाइलमध्ये नोंदवा.

एवढी काळजी का घ्यायची, ते जुन्या दोन त्रुटींवरून कळतं. सीव्हीई-२००५-११२७ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षात्रुटीचा क्रमांक) मध्ये लॉगचा मजकूर सिसलॉग या नोंदसेवेकडे फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून, म्हणजे टक्केचिन्हांना आज्ञा मानणारा साचा म्हणून, जात होता. नेट::सर्व्हर ०.८७ पर्यंत ही चूक होती, आणि पाठवणाऱ्याच्या ईमेल पत्त्यात टक्केचिन्हं घालून कोणीही बाहेरून पोस्टग्रे पाडू शकत होतं. सीव्हीई-२०१३-१८४१ मध्ये रिव्हर्स लुकअपनं (आयपीवरून नाव शोधून) मिळालेलं नाव परत त्याच आयपीकडे जातं का, हे तपासलंच जात नव्हतं. नावावर आधारलेली प्रवेशयादी त्यामुळे चुकवता येत होती. चूक लायब्ररीची, मार बसतो तिच्यावर उभ्या असलेल्या सेवांना.

आणि पॅच केलेलं पॅकेज बसलं तरी चालू डीमनच्या (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेच्या) मेमरीत जुनाच कोड असतो. लायब्ररीच्या पोस्टइन्स्ट (पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या) स्क्रिप्टमधून दुसऱ्यांच्या सेवा रीस्टार्ट करू नयेत. कोण वापरतंय हे तिला ठाऊक नसतं. रीस्टार्ट हव्या असलेल्या सेवा शोधणारा 'नीडरीस्टार्ट' पर्लच्या प्रक्रियाही तपासतो, तो सर्व्हरवर असू द्या. नुसत्या हप (फेरसुरुवातीच्या) सिग्नलवर विसंबायचं असेल तर एक लक्षात ठेवा: नेट::सर्व्हर हप मिळाल्यावर स्वतःला नव्यानं एक्झेक करतं (त्याच प्रक्रियेत प्रोग्राम पुन्हा सुरू करतं), आणि तोवर रूटचे अधिकार सुटलेले असतात. स्क्रिप्ट किंवा कॉन्फिग फाइल फक्त रूटलाच वाचता येत असेल, तर सेवा बंद पडते ती तिथेच.