तुम्ही विचारलंत म्हणून: कापले गेलेले पैसे जातात कुठे?

मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतोच: "खात्यातून पैसे कापले गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. मग मधल्या मध्ये गेले कुठे?" सूर असा, की मीच खिशात घातलेत.

यूपीआयचा व्यवहार दिसतो एक, पण असतात दोन. तुमच्या ॲपची विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे जाते. ती आधी तुमच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, मग दुसऱ्या बँकेला जमा करायला. दुसरीकडून 'नाही' आलं तर सोपं, पैसे परत फिरवायचे. खरी डोकेदुखी उत्तरच आलं नाही तर. पैसे जमा होऊन उत्तर वाटेत हरवलं, की विनंतीच पोचली नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. घाईने तुम्हाला परत केले आणि तिकडेही जमा झालेले निघाले, तर तो भुर्दंड कुणी सोसायचा? म्हणून थांबायचं आणि 'पेंडिंग' दाखवायचं. बैठकीत त्या पेंडिंगवर सगळ्यांचा राग. मला मात्र खोट्या हिरव्या खुणेपेक्षा ते कधीही परवडतं.

"बरं, निदान दोनदा कापू तरी नका!" हा पुढचा प्रश्न. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा आली तर ती ओळखता येते. पण तुम्ही वैतागून मागे गेलात आणि कोड पुन्हा स्कॅन केलात, की नवा क्रमांक, नवा व्यवहार. तीच टपरी, तेच 15 रुपये, मध्ये जेमतेम मिनिट. अडवावा? आणि तेवढ्यात मित्र आला म्हणून तुम्ही अजून एक कटिंग सांगितला असेल तर? सॉफ्टवेअरला हे कळायला मार्ग नाही. फार तर "आत्ताच इथे पैसे दिलेत, पुन्हा द्यायचे का?" असं विचारता येतं. ते न वाचता 'हो' दाबणारे आपणच.

अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा 2019चा नियम आहे. एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

तेव्हा पेंडिंग दिसलं की पुन्हा दाबू नका. व्यवहाराच्या तपशिलातला 12 आकडी यूटीआर क्रमांक जपून ठेवा, बँक तोच विचारते. चहावाल्याला मात्र रोख देण्याआधी जरा थांबा. रोखही दिलीत आणि मागाहून ते 15 रुपयेही पोचले, तर परत मागायचं बटण आम्ही कुठेच ठेवलेलं नाही. तिथे टपरीवरची ओळखच कामाला येते.