तुम्ही विचारलंत म्हणून: वर्ड असताना काळा पडदा कशाला?

प्रबंध लिहिणारी मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, वर्ड असताना तुम्ही त्या काळ्या पडद्यावर आज्ञा का टाइप करत बसता?" थोडी हौस आहेच. पण खरं कारण तळटिपा.

इतिहासाच्या लेखनात मजकुरापेक्षा टिपा जास्त दमवतात. एका नियतकालिकाला पूर्ण तळटीप हवी, दुसऱ्याला कंसात फक्त आडनाव आणि साल. लेख एकीकडून परत आला की दुसरीकडे पाठवताना सगळी मांडामांड पुन्हा. म्हणून मी पॅनडॉक वापरते. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली आणलेलं हे मोफत साधन एका प्रकारच्या फाइलीची दुसऱ्या प्रकारची फाइल करून देतं आणि टिपांची मांडणीही करतं. संगणकाचा नव्हे, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक! ज्याला स्वतःला टिपा लिहाव्या लागतात त्यालाच हे सुचायचं.

मजकूर मार्कडाउनच्या, म्हणजे शीर्षक, ठळक अक्षरं वगैरे चिन्हांनी दाखवणाऱ्या, साध्या फाइलीत लिहायचा. संदर्भाच्या जागी चौकटी कंसात @, पुस्तकाची ठरवलेली खूण आणि पान. ग्रंथाचा तपशील एकदाच झोटेरो या संदर्भ साठवणाऱ्या साधनात भरून त्यातून बिबटेक फाइल, म्हणजे पॅनडॉकला वाचता येणारी ग्रंथांची यादी, काढायची. मग एका ओळीच्या आज्ञेत वर्डची फाइल तयार होते; शेवटी सूची येते, तीही उल्लेखलेल्याच ग्रंथांची. शैली बदलायची तर आज्ञेत दुसरी सीएसएल फाइल, म्हणजे संदर्भशैलीच्या नियमांची फाइल, द्यायची. काहीच न दिल्यास शिकागोची लेखक-साल पद्धत लागते.

मराठीत थोडं सांभाळावं लागतं. बिबटेक फाइल हाताने लिहिलीत तर नावातला शेवटचा शब्द आडनाव धरला जातो, म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं आडनाव 'मंडळ'! संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात घातलं की ते अखंड राहतं. पीडीएफ काढताना पॅनडॉक ज्याची मदत घेतं ते नेहमीचं पीडीएफलाटेक देवनागरीपुढे हात टेकतं. त्याऐवजी त्याचंच भावंड झीलाटेक निवडून फाँटचं नाव द्यावं लागतं. मी आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका वापरते, त्यातली जोडाक्षरं देखणी आहेत. आणि युनिकोडपूर्व फाँटमधली जुनी फाइल असेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणा, नाहीतर पॅनडॉक तुम्हाला रोमन अक्षरांची भेळ वाढेल.

एक अडचण मात्र खरी आहे. मार्गदर्शक दुरुस्त्या वर्डमध्ये करून देतात. ती फाइल पॅनडॉक परत मार्कडाउनमध्ये आणतं, पण तोवर संदर्भांच्या खुणा जाऊन साधा मजकूर उरलेला असतो. त्यामुळे दुरुस्त्या मूळ फाइलीत हातानेच उतरवाव्या लागतात. मला हे चालतं, कारण तेवढ्यात मजकूर पुन्हा वाचून होतो. तुम्हाला कंटाळा असेल, किंवा एखादाच छोटा लेख लिहायचा असेल, तर खुशाल वर्डमध्ये लिहा. प्रबंध असेल तर आजपासून झोटेरो भरायला घ्या. पॅनडॉक नंतर एखाद्या दुपारी शिकता येतं.