थू याऊ मोतचे सुतारकाका

सायगावहून थू याऊ मोत अवघं तीसेक किलोमीटर, पण 13 नंबरच्या हायवेवर कंटेनरच कंटेनर. व्हिएतनाममधून जगभर जाणाऱ्या फर्निचरचं हे मोठं केंद्र. मला मात्र कारखाने बघायचे नव्हते. सावंतवाडीला आमच्या आजोळी शिसवी खुर्ची आहे, वळणदार पायांची. आजोबा सांगायचे, "नमुना फिरंग्यांचा, पण हात गोव्याच्या सुताराचा." तसा हात मला इथे बघायचा होता.

फू थो भागात लाकूड कोरणारे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ड्रायव्हरने एका पत्र्याच्या शेडसमोर गाडी लावली. आत कोपऱ्यात, जमिनीलगत, भूमिदेवाचा छोटा लाल देव्हारा. पुढ्यात केळी आणि उदबत्ती. साठी उलटलेले एक गृहस्थ पाटावर बसून काम करत होते. "त्यांना 'चू' म्हणा," ड्रायव्हर म्हणाला. चू म्हणजे काका. बरं वाटलं, लगेच ओळखीचं झाल्यासारखं.

काकांच्या मांडीवर फ्रेंच पद्धतीच्या खुर्चीचा पाय होता. पंधराव्या लुईच्या काळातली ही घडण. तिच्यात सरळ रेघ शोधून सापडत नाही. वर गुडघ्यासारखा फुगवटा, मग घोटा बारीक, शेवटी पुन्हा बाहेर वळलेलं पाऊल. हे वळण लाकूड वाकवून येत नाही, जाड ठोकळ्यातून कोरून काढावं लागतं. एका बाजूने फर्मा ठेवून आखायचं, कापायचं, मग फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच. अर्ध्याहून जास्त लाकूड भुशात जातं.

गुडघ्यावर पानांची नक्षी. पटाश्या पंधरा-वीस, मुठीशिवायच्या, नुसत्या पोलादी. वरून लाकडी दांडक्याचे हलके ठोके, टक-टक-टक, मध्ये न थांबता. त्यांचा रंधाही वेगळा: आरपार आडवी दांडी घातलेला, सायकलच्या हँडलसारखा दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायचा. मला दिला. दोन हात मारले आणि लाकडात खड्डा पडला. काकांनी काही न बोलता माझी कोपरं अंगाजवळ आणली. तिसऱ्या हाताला कागदासारखी सलग साल निघाली. ती साल मी वहीत ठेवली आहे.

फ्रेंचांनी 1901 मध्ये या गावात कलाशाळा काढली. आपल्याकडे मुंबईत जे. जे. 1857 ची, साधारण त्याच विचाराची. पण शाळेने इथे सुतारकी आणली असं म्हणणं मला पटत नाही. देवळांच्या तुळयांवर ड्रॅगन आणि ढग कोरणारे हात आधीपासून होते. शाळेतून आले ते नवे नमुने. काकांच्या फ्रेंच पानाचं टोक किंचित जास्तच आत वळलं होतं. मी बोट ठेवलं, तर ते हसून उठले आणि मागच्या अर्धवट देव्हाऱ्यावरचा ढग दाखवला. तीच गुंडाळी! फ्रेंच कारागिराने ती तशी काढली नसती, आणि मला तर हेच पान जास्त आवडलं.

लाकूड 'गो दो', तांबूस आणि हाताला जड. भिंतीला 'काम लाय'चे दोन तुकडे टेकलेले होते. ते आपल्या शिसवाच्याच कुळातलं, काळ्या रेघांचं. आता ते नवीन मिळणं अवघड. 2017 पासून या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत. जंगलं फार तुटली. काका ते दोन तुकडे कापत नाहीत, असं ड्रायव्हर म्हणाला.

एका पायाला किती दिवस, विचारलं. तीन. पण चारही जुळायला हवेत. खुर्चीला कूस-खाचेचे सांधे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, खिळा एकही नाही, त्यामुळे एक पाय केसभर चुकला तर सगळी खुर्ची डुगडुगते.

निघताना त्यांनी तयार पाय नव्याशेजारी उभा केला आणि दोन्हींवरून एकदमच अंगठे खाली आणले. घोट्याशी उजवा अंगठा थांबला. मी तिथे हात लावून बघितला, मला काहीच फरक कळला नाही. काका तोवर पुन्हा पाटावर बसले होते, सगळ्यांत बारीक पटाशी घेऊन.