‘गहाळ’ हा शब्द यात नाही

‘गोल शिक्का कुठंय?’ एवढं कुणी विचारलं तरी आजही माझ्या कपाळावरची शीर उडते. २०१३ चा पावसाळा मी या एका प्रश्नापायी पुण्यातल्या एका शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर काढला. ज्यांची मुलं घरी किंवा बिनपरीक्षेच्या शाळेत शिकतायत, त्यांच्या उपयोगाचं काही यात सापडेल. बाकी माझा राग आहे, तो सोबत येणारच.

जन्म सांगलीचा. मी चार वर्षांची होते तेव्हा, १९९९ मध्ये, आईबाबांनी बिऱ्हाड मोडलं आणि आम्ही ऑरोव्हिलला, देशोदेशीच्या माणसांनी मिळून वसवलेल्या गावात, गेलो. तमिळनाडूत, पुदुच्चेरीच्या उत्तरेला, बंगालच्या उपसागराजवळच्या लाल मातीच्या पठारावर. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची माती एका कलशात घालून या गावाची सुरुवात झाली. गाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, सगळ्या मानवजातीचं आहे, असं त्याच्या सनदेत सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. आखणी पन्नास हजार माणसांची. मी निघाले तेव्हा वस्ती अडीच हजारांच्या आतच होती.

लहानपण कसं होतं असं लोक विचारतात, तेव्हा त्यांना एकतर स्वर्ग ऐकायचा असतो नाहीतर बाबा-बुवांचा आश्रम. मला आठवते ती सायकल. आणि पावसाळ्यात पाणी अडवायला घातलेले बांध, बोटांच्या फटीत आठवडाभर राहणारी लाल माती. सकाळी गणित, मग मातीकाम, मग फ्रेंच, दुपारी जेवायला सोलर किचन. ३० डिसेंबर २०११ ला ‘ठाणे’ चक्रीवादळ आलं आणि आम्ही लहानपणापासून ज्या झाडांखाली खेळलो ती शेकड्यांनी आडवी झाली. पुढचे कित्येक दिवस मोठी माणसं करवत चालवत होती आणि आम्ही पोरं फांद्या ओढत होतो. ती आमची शाळाच होती.

या शाळेत इयत्ता नव्हती. गट होते. परीक्षा नव्हती, म्हणून निकाल नव्हता, म्हणून प्रगतिपुस्तकही नव्हतं. ऑरोव्हिलमध्ये परीक्षा देता येतील अशा शाळाही आहेत, माझी तशी नव्हती. ऑरोव्हिलची कल्पना ज्यांची, त्या माताजींनी गाव वसण्याआधी, १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं की त्यांच्या स्वप्नातल्या जागी शिक्षण परीक्षा पास होण्यासाठी किंवा प्रमाणपत्रं आणि नोकऱ्या मिळवण्यासाठी नसेल. माझ्या बाबांना हे फार आवडायचं. बाबा स्वतः इंजिनीअर. त्यांची पदवी ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसकट जपून ठेवलेली होती. ते मला अठराव्या वर्षी, क्लार्कच्या टेबलासमोर उभी असताना आठवलं आणि त्यांचा जो राग आला तो आला.

मला भाषा शिकायच्या होत्या, रीतसर, कॉलेजात. त्यासाठी बारावी, बारावीसाठी दहावी. म्हणून मी कोथरूडला मावशीकडे राहायला आले. मावशी म्हणाली, त्यात काय, १७ नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा राज्य मंडळाचा हा फॉर्म. आता तो ऑनलाइन भरतात, तेव्हा कागदी होता आणि आपल्या भागातल्या नेमून दिलेल्या शाळेत मिळायचा.

पहिल्याच दिवशी मी घाण केली. ऑरोव्हिलमध्ये साठ वर्षांच्या माणसालाही आम्ही नावानेच हाक मारायचो, आडनाव तर माहीतही नसायचं. ऑफिसातल्या क्लार्कच्या टेबलावर नावाची पाटी होती. मी ती वाचली आणि हसून त्यांना नुसत्या नावाने हाक मारली. ना सर, ना साहेब, ना काका. मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘जेवणाची सुट्टी झाली.’ घड्याळात पावणेबारा वाजले होते. तेव्हा फॉर्मच्या आधी ‘सर’ म्हणायला शिका. मुलांना काहीही न शिकवता वाढवा, एवढं शिकवा.

दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणा, किमान पाचवी पास हवं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे पाचवी नव्हती. ‘म्हणजे चौथीत सोडली?’ नाही सर, चौथीही नव्हती. त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने जमिनीकडे.

मी तिकडच्या माझ्या शिक्षिकेकडून पत्र मागवलं. दीड पानाचं सुंदर इंग्रजी पत्र आलं. ही मुलगी किती वर्षं आमच्याकडे शिकली, तिला तमिळ आणि फ्रेंच बोलता येतं, गणितात कुठपर्यंत पोचली आहे, चाकावर मडकं कसं उतरवते, वादळानंतर तिने काय केलं. मला वाचताना रडू आलं होतं. क्लार्कनी पत्र उलटं करून मागची कोरी बाजू बघितली. ‘गोल शिक्का कुठंय?’

शिक्क्यासाठी पत्र परत तमिळनाडूला. पंधरा दिवस गेले. शिक्का आला, गोलच आला, पण त्यात ऑरोव्हिलचं पाच पाकळ्यांचं चिन्ह होतं. ‘हे काय, फूल?’ मग त्यांनी ड्रॉवरमधून कोऱ्या दाखल्याचा एक नमुना काढला आणि माझ्यासमोर ठेवून एकेका रकान्यावर पेनचं टोक टेकवत गेले. रजिस्टर क्रमांक. धर्म, जात. अभ्यासातील प्रगती. वर्तणूक. कोणत्या इयत्तेत शिकत होता व केव्हापासून. शाळा सोडण्याचे कारण. ‘यातलं या पत्रात काय आहे, दाखवा.’ मी ‘प्रगती’वर बोट ठेवलं. ‘उत्तम, मध्यम, साधारण?’ त्यांनी विचारलं. दीड पान होतं हो त्यावर! पण त्यांना एक शब्द हवा होता.

खरं सांगायचं तर माणूस दुष्ट नव्हता. एकदा पाऊस फार होता म्हणून त्यांनीच मला आत बसवून चहा पाजला. त्यांच्याकडे रकाने होते आणि मी कुठल्याच रकान्यात मावत नव्हते, एवढंच. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी रोज रात्री मावशीच्या बाल्कनीत उभी राहून तमिळमधून शिव्या द्यायचे.

चौथी की पाचवी खेप. दाखला नसेल तर प्रतिज्ञापत्र चालतं, असं कळलं. हे आधीच का नाही सांगितलं, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. आम्ही नोटरीकडे गेलो. टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, फक्त नाव-गाव भरायचं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर त्याने काढून दिलं: ‘माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला गहाळ झाला असून शोध घेऊनही मिळून आलेला नाही.’

मी म्हटलं, पण काही गहाळ झालेलं नाही.

‘ताई, सगळे हेच लिहितात.’

मावशी म्हणाली, ‘कर गं सही. हरिश्चंद्र लागून गेलीस का?’

मी नाही केली. अठराव्या वर्षी माणूस जितका आडमुठा असतो तितकी मी होतेच, शिवाय जिथे वाढले तिथे खोटं बोलायची कधी गरजच पडली नव्हती. मी दुसरा स्टॅम्पपेपर घेतला आणि मजकूर स्वतः सांगितला: मी जिथे शिकले तिथे इयत्ता व परीक्षा नसल्याने दाखला देण्याची पद्धत नव्हती. टायपिस्टने माझ्याकडे कीव येऊन बघितलं, पण टाइप केलं. नोटरीने शिक्का मारला. गोल.

दुसऱ्या दिवशी क्लार्कनी ते मोठ्याने वाचलं, आख्खं, अगदी ‘सत्य प्रतिज्ञेवर’ इथपर्यंत. मग कागदाची घडी घालून मला परत दिला. ‘यात गहाळ हा शब्द नाही.’

त्याच आठवड्यात फॉर्म भरायची मुदत संपली. मावशी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. तिचं बरोबर होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण स्वयंपाकघरात तिने भांडी ज्या आवाजात घासली तो आवाज लक्षात आहे.

सुटका केली ती झेरॉक्सवाल्याने. एवढे दिवस त्याच त्या पत्राच्या प्रती काढून त्याला माझी कहाणी पाठ झाली होती. तो म्हणाला, राष्ट्रीय मुक्त विद्यालयात विचारा की, माझ्या पुतणीने तिथूनच दहावी केली, ती शाळेत गेलीच नव्हती. म्हणजे एनआयओएस, घरी शिकून दहावी-बारावी देता येते असं केंद्र सरकारचं मंडळ. तिथे दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, आणि आठवीचा कागद नसेल तर स्वतःच लिहून द्यायचं: मी माध्यमिक अभ्यासक्रम करण्याइतकं शिकले आहे. खाली सही. नोटरी नाही, फूल नाही, गहाळ नाही. ते खरं होतं, म्हणून मी लगेच सही केली. विलंब शुल्क भरावं लागलं, आनंदाने भरलं.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. पाच विषय, त्यात मराठी घेतलं. एप्रिल २०१४ मध्ये परीक्षा दिली, पास झाले. दोन वर्षांनी तिथूनच बारावी. हो, तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत जाता येतं, तेव्हा एका फटक्यात सगळं करायचा हट्ट धरू नका. गृहपाठाच्या वह्या केंद्रात दिल्या की पोच घ्या, त्यांचे गुण धरतात. परीक्षेच्या हॉलची तेवढी भीती वाटली. शेजारच्याशी बोलायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी पहिल्याच पेपरला शेजारणीला पेन चालत नाही का म्हणून विचारून ओरडा खाल्ला.

किमतींचं राहिलंच. ऑरोव्हिलमध्ये आम्ही जिथून सामान आणायचो तिथे वस्तूंवर किंमत नसायची. महिन्याला ठरलेली रक्कम जमा करायची आणि लागेल ते न्यायचं. पैसा माहीत नव्हता असं नाही, शेजारच्या कुईलापाळयम गावातल्या टपरीवर परोटे विकतच खायचो. पण कोथरूडच्या वाण्याकडे मी पहिले सहा महिने भाव न विचारता पिशवी भरायचे, आणि मावशी महिनाअखेरीस उधारीची वही बघून कपाळाला हात लावायची. अजूनही घासाघीस जमत नाही. कुलूप लावायचंही विसरते.

कॉलेजात प्रवेश घेताना मुक्त विद्यालयाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागलं. तेच दाखला म्हणून चालतं. ते टपालाने आलं त्या दिवशी मावशीने देवापुढे ठेवलं. एकविसाव्या वर्षी मिळालेला माझा आयुष्यातला पहिला दाखला. नाव, जन्मतारीख आणि एक शिक्का. मी झोपले असताना ती गुपचूप कोपऱ्यावरच्या त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि चांगला जाड लॅमिनेट करून घेऊन आली, पावसात भिजू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी तो उलटा केला, नखाने कडेला खरवडून बघितला आणि परत सरकवला. ‘मागे शेरा मारावा लागतो. लॅमिनेट केलेला चालत नाही.’

मी ‘बरं, मॅडम’ म्हटलं आणि दुसऱ्या प्रतीचा अर्ज मागितला. त्यात ‘मूळ प्रत कशी खराब झाली’ असा एक रकाना होता. मी लिहिलं, मावशीने.