कपाळावरची राख आणि कोरलेला बांध

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात. उपवास करताना तोंड सुकवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं येशू तिथं सांगतो. आणि ते ऐकून झाल्यावर थोड्याच वेळात आपण कपाळाला राख लावून घ्यायला रांगेत उभे राहतो! दरवर्षी हेच वाचन असतं. राख लावून घेणाऱ्यानं आधी स्वतःला तपासावं, हाच त्यामागचा रोख आहे असं मी मानतो.

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्यांची. घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या परत गोळा करायच्या, लोखंडी घमेल्यात उघड्यावर जाळायच्या, पुरत्या निवू द्यायच्या आणि राख वस्त्रगाळ करायची. टोपलीभर झावळ्यांची राख वाटीभरसुद्धा होत नाही. एक चूक मात्र टाळा: राखेत पाणी घालून लगदा करू नका. पाण्यानं राखेतला क्षार सुटतो आणि कपाळाची आग होते, कातडी भाजतेसुद्धा. कोरडीच वापरावी, चिकटायला हवीच असेल तर तेलाचे दोन थेंब पुरेत.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात. त्यातले 6 रविवार वगळले की उरतात 40. कॅथलिक नियमानं उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं, एवढीच मुभा. मटण-कोंबडी वर्ज्य करण्याचा नियम 14 पूर्ण झालेल्या सगळ्यांना लागू.

बेळगाव-खानापुराकडे इथंच गल्लत होते. उपवास म्हटलं की आपल्या भाषेत साबुदाण्याची खिचडी डोळ्यांसमोर येते. पण हा उपवास पदार्थाचा नाही, पोटाला चिमटा घेण्याचा आहे. तीन वेळा पोटभर खिचडी खाल्ली तर तो घडलाच नाही. तसंच या काळातल्या शुक्रवारचं, त्या दिवशी मटण-कोंबडी वर्ज्य. मासे चालतात म्हणून गोव्याहून आलेली सुरमई घेतली, तर नियम पाळला गेला आणि खर्च मटणाइतकाच झाला. या काळात गुड फ्रायडे धरून 7 शुक्रवार येतात. वाचलेले पैसे त्याच दिवशी दानाच्या डब्यात टाकावेत, नाहीतर ते दुसरीकडे खर्चून जातात. भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं हाच बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास आहे.

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीत खाण्याचे असे वयवार नियम नाहीत, पण तिचे संस्थापक जॉन वेस्ली बुधवार-शुक्रवार उपवासाचा आग्रह धरायचे.

खरी कसोटी कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली देताना लागते. "फादर, मी पापी आहे" एवढं म्हणून भागत नाही. गंभीर पाप असेल तर कोणतं आणि किती वेळा, हे सांगावं लागतं. आणि बहुतेकांना सगळ्यात जड जातं ते पुढचं: क्षमा मिळाली तरी घेतलेलं परत करणं चुकत नाही. बांध कोरून शेजाऱ्याची हातभर जमीन आत घेतली असेल तर ती सोडायला हवी. कुणाची बदनामी केली असेल, तर ज्यांच्यासमोर केली त्यांच्याकडे जाऊन ते खोटं होतं असं सांगायला हवं. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानं तर चौपट परत करायचं कबूल केलं होतं.

मराठी मिस्सा कितीला आणि कन्नड कितीला, यावरून धरलेला अबोलासुद्धा याच यादीत घ्या. वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. तो समेट ईस्टरची वाट न पाहता, या उपवासकाळातल्या पहिल्या कुमसाराआधीच व्हावा. गुड फ्रायडेनंतर डबा उघडाल तेव्हा पैसे साध्या पाकिटात घाला आणि पाकिटावर नाव लिहू नका.